चवळीखाऊ मालकीण

सेगू, १४ जानेवारी २०२१

नामोरी केइता, माझ्या गुलामा,

मालकिणीचं पत्र आहे, तेव्हा आधी हात धू आणि मग वाच. सिकासोला जावयाच्या घरी बसून फुकटचं खातोयस असं ऐकलं. तेनिनला माझा सलाम सांग. एवढ्या शहाण्या बाईने केइताशी लग्न का केलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तू शिलाईचं मशीन उचलून गेलास आणि बाजारात भांडायला कुणी उरलं नाही. समोरचा औषधवाला परवा म्हणतो, "तो रोज सकाळी तुम्हाला शिव्या देणारा शिंपी गेला वाटतं? सुटलात बाई." बिचारा परमुलखातला, लोमेचा, त्याला काय माहीत. मी म्हटलं, अहो, तो केइता, मी कुलिबाली. आमच्या आडनावांचं नातंच चिडवण्याचं. तो मला चवळीखाऊ म्हणणार, माझी गुलाम म्हणणार, मी त्याला तेच परत करणार. पणजोबांपासून चाललंय. राग धरायचा नाही, धरेल त्याची गावभर छी थू. तो म्हणाला, "म्हणजे खोटं भांडण." मी म्हटलं, भांडण खरंच आहे हो, वैर नाही इतकंच. मान हलवून गोळ्या मोजायला लागला.

आता कामाचं. रोगाच्या भीतीने लग्नं बंद, बारशी बंद. लग्न नाही तर नवं बाझँ कापड रंगवून कोण घेणार? माझे रंगाचे टोप उपडे पडलेत. झुमाना तेवढा रोज येतो. ठोकून चकाकी आणायला कापड नसलं तरी लाकडी मोगरी मांडीवर घेऊन बसतो आणि म्हणतो, "म्हातारे, दादा गेला तेव्हाच सांगत होतो, माझ्याशी लग्न लाव. निदान जोडीने उपाशी राहिलो असतो." धाकट्या दिराची जीभ, तिला कोण आवरणार. मी साबणाचं पाणी फेकते अंगावर. पण खरं सांगू, तो असा बडबडत बसतो म्हणून अंगण रिकामं वाटत नाही.

जागेचा मालक हाजी म्हणतो, थकलेल्या भाड्यासाठी बकरीदेपर्यंत थांबेन, मग अंगण सिमेंटवाल्याला. हे अंगण गेलं तर मी संपले. नदी जवळ, पाण्याला उतार, सुकवायला भिंती. दुसरीकडे असं काही मिळायचं नाही. म्हणून सरकारने लहान धंद्यांसाठी तातडीची मदत काढली आहे ना, तिच्यासाठी अर्ज केलाय. त्यात एक साक्षीदार लागतो, नात्याबाहेरचा, बऱ्याच वर्षांच्या ओळखीचा. त्याला फोन करून विचारणार, ही बाई कोण, धंदा तिचाच का. मी तुझं नाव दिलं. तेव्हा फोन उचल.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण या बाजारात एक बोललं की पाच दुकानं ऐकतात, आणि सध्या कोणाला किती मिळणार यावर सगळ्यांचे कान लागलेत. पत्र मोदिबो ड्रायव्हरच्या बसने येईल. आपली न्को लिपी त्याला वाचता येत नाही. रात्रीच्या वर्गात डास मारत शिकलो, त्याचा एवढा तरी उपयोग.

तुझी मालकीण,
सितान कुलिबाली


सिकासो, २ फेब्रुवारी २०२१

चवळीखाऊ सितान,

तुझं पत्र उघडलं आणि खोलीत चवळी शिजल्याचा वास सुटला. जावई खिडकी उघडायला धावला. मी म्हटलं, घाबरू नका, आमच्या घरच्या गुलामाचं पत्र आहे.

इथे मशीन चालू आहे, पण शिवायला येतात ते तोंडाचे मास्क. माझ्यासारख्या माणसाने, ज्याच्या हातचा झगा घालून सेगूचे नवरदेव घोड्यावर बसले, त्याने आता नाक झाकायच्या चिंध्या शिवायच्या. तेनिन म्हणते, चिंध्या का होईना, चूल पेटते ना. ती तुझ्याच बाजूची.

मदतीचं तू लिहिलंस, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. सरकारचा हात पुढे आलेला मी आजवर पाहिला तो घ्यायलाच. देणार म्हणतात तेव्हा मध्ये कोण उभा आहे ते आधी बघावं. तुमच्या इथे तो बॅग लटकवून फिरणारा सरकारी तपासनीस आहे ना, तो कोणाच्या चहाला बसतो, कोणाशी कुजबुजतो, लक्ष ठेव. अर्ज एकाचा आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात, असं इथे दोघांच्या बाबतीत झालंय म्हणतात. खरंखोटं माहीत नाही, पण आग लागल्याशिवाय कोणी बादली घेऊन धावत नाही.

हो, फोन आला होता. कुठल्यातरी परदेशातली पोरगी. आपली बांबारा भाषा बोलत होती, पण एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा. तुझं नाव घेतलं, ओळखता का म्हणाली. मी म्हटलं, न ओळखून कसं चालेल. मग तुझ्या कारखान्याचं विचारलं. जे सांगायला हवं तेच सांगितलं, निर्धास्त राहा. फार सभ्य पोरगी, शेवटी आभार मानले.

हाजीला सांग, नामोरी केइता परत येईपर्यंत अंगणाला हात लावायचा नाही.

तुझा धनी,
नामोरी


सेगू, २७ फेब्रुवारी २०२१

केइता,

आज थट्टा करायला तोंड नाही. काल दुपारी फोनवर संदेश आला: "मालकीबद्दल हरकत. अर्ज थांबवला आहे." एवढंच. खाली नाव नाही, गाव नाही.

मालकीबद्दल हरकत! सगळे टोप माझे, परवाना माझ्या नावावर, रंगाने काळे पडलेले हे हात माझे. हरकत घेणारा कोण? मदतीच्या कचेरीत खिडकीवर गेले तर साहेब म्हणतो, हरकत कोणाची ते गुप्त असतं, तुम्ही अपील करा. गुप्त म्हणजे माझ्याच बाजारातलं कोणीतरी, नाहीतर गुप्त ठेवायची गरजच काय होती?

तेव्हापासून मी माणसांकडे नीट बघत नाही, त्यांच्या मागे काय आहे ते बघते. साबणवाली रोकिया आज उगाच विचारून गेली, "पैसे आले का गं?" तिला कोणी सांगितलं मी अर्ज केला म्हणून? औषधवाला मला पाहून आत वळला. हाजीला तर मी मागे पडलेली हवीच आहे. कोणाशी बोलायचं तेच कळत नाही. 

आणि एक सांगते, पण तुझ्याजवळच ठेव. जागेच्या भाड्याची जुनी चिठ्ठी माझ्या नवऱ्याच्या नावाची आहे. झुमाना त्याचा भाऊ. गेल्या पावसात तो म्हणाला होता, "म्हातारे, इथे मोटारसायकली दुरुस्त केल्या तर तुझ्या रंगापेक्षा जास्त मिळेल." तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य रात्रंदिवस कानात घुमतंय.

तू दुरून बघतोस. तुला काय वाटतं?

सितान


सिकासो, ९ मार्च २०२१

सितान,

तुझं पत्र वाचून माझा तिळपापड झाला. तुझी थट्टा करायचा हक्क माझा, तुझ्या पोटावर पाय द्यायचा कोणाचाच नाही.

आता नीट ऐक. रोकियाला सोड, तिला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही, हरकत कुठून घेणार. औषधवाला परका आहे, त्याला तुझ्या जागेशी काय देणंघेणं. हाजी श्रीमंत आहे, आणि श्रीमंत माणूस गुप्त हरकत घेत बसत नाही, सरळ कुलूप लावतो. मग राहिलं कोण? ज्याला तुझं घर, तुझे कागद, तुझ्या सवयी माहीत आहेत तो. दिराशिवाय कोण?

मला आठवतं, मी निघायच्या आधी झुमाना त्या बॅगवाल्या तपासनीसाबरोबर चहा पीत बसला होता. चहाच्या तिन्ही फेऱ्या होईपर्यंत उठला नाही. मी जवळ गेलो तसे दोघं गप्प झाले. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटतं. आणि रोज रिकाम्या अंगणात मोगरी घेऊन बसायचं कारण काय? ठोकायला कापड नाही, मजुरी नाही, तरी येतो. माणूस कशासाठी तरी येतो, सितान. जागा धरून बसलाय तो.

हसऱ्या माणसाचं मला नेहमीच भय वाटतं. जो माणूस सतत थट्टा करतो त्याच्या पोटात काय आहे कळत नाही. माझं सोड, मी केइता आहे, मला वाडवडिलांनीच नेमलंय. पण त्याला विचार. चार माणसांत विचार, म्हणजे पळता येणार नाही.

नामोरी


सेगू, ३० मार्च २०२१

केइता,

विचारलं. चार माणसांतच विचारलं, तू म्हणालास तसं.

शुक्रवारच्या नमाजानंतर सासरची मंडळी अंगणात जमली होती. मी उभी राहून म्हटलं, झुमाना, हरकत तू घेतलीस. तो आधी हसला. म्हणाला, "घेतली ना, तू बायको व्हायला नाही म्हणतेस त्याची." सगळे हसले. मी नाही हसले. मी म्हटलं, थट्टेत लपू नकोस, तपासनीसाबरोबर तुझी काय बोलणी झाली ते सांग. मोटारसायकलींचं सांग. कोणाच्या नावावर जागा घालायची ठरली?

त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. थोरल्या नणंदेने मला खाली बसवायला हात धरला, मी हिसडा दिला. मी म्हटलं, भावाच्या मागे त्याच्या बायकोला खाणारा दीर तू. केइता, हे शब्द मी बोलले. ते कोणालाही बोलत नाहीत, दिराला तर नाहीच.

त्याने मोगरी भिंतीशी उभी केली, चपला शोधल्या आणि गेला. सकाळी कळलं बारुएलीला मामाकडे निघून गेला. मी स्वतःला म्हटलं, निर्दोष असता तर भांडला असता. नणंद म्हणते, निर्दोष होता म्हणूनच भांडला नाही. कोणाचं खरं धरायचं?

अंगणात आता एवढं शांत आहे की नदीवर धुणं बडवतात ते ऐकू येतं. परवा अपिलाची तारीख आहे. तिथे हरकत वाचून दाखवावी लागते असं कळलंय. झुमानाचं नाव त्याच साहेबाच्या तोंडून ऐकेन, म्हणजे माझ्या मनाला शांती मिळेल.

सितान


सेगू, १२ एप्रिल २०२१

आदरणीय नामोरीभाऊ केइता यांस,

सलाम. आपण आणि आपल्या घरची मंडळी सुखरूप असावीत. तेनिनताईंची तब्येत बरी असावी. रमजान येतो आहे, तो आपणा सर्वांना सुखाचा जावो.

अपिलात साहेबांनी हरकत वाचून दाखवली. ती झुमानाची नव्हती. ती माझ्या साक्षीदाराची होती. मजकूर असा: "ती बाई माझी गुलाम आहे. कारखाना माझा आहे, दया येऊन तिला सांभाळायला दिला आहे. तिला पैसे देऊ नका, मूठभर चवळी द्या, तेवढं तिला पुरतं."

साहेब इथलेच आहेत. वाचताना त्यांना हसू आवरेना, तोंडावर फाइल धरली. मग म्हणाले, "बाई, मला कळतंय हो, कोणालाही कळेल. पण फोन करणारी कंपनी परदेशातली, त्यांना शब्दाला शब्द लिहायचा हुकूम आहे, आणि वरून आलेल्या शेऱ्यावर मी हसलो म्हणून शेरा बदलत नाही." साक्षीदाराने पुन्हा फोनवर सरळ जबाब दिला तर विचार होईल, असं म्हणाले. फोन या वेळी बामाकोहून येईल.

आपल्याला त्रास देत आहे, क्षमा असावी.

आपली नम्र,
सितान कुलिबाली


सिकासो, २० एप्रिल २०२१

सितान,

तू मला आदरणीय लिहिलंस. भाऊ लिहिलंस. तेनिनने पत्र हातात घेतलं, पहिली ओळ वाचली आणि म्हणाली, "कोण गेलं?"

मला मार, पण असं लिहू नकोस. मी पहिल्यांदा वरती खूप मोठी शिवी लिहिली होती, मग खोडली. ती पोरगी म्हणाली, "सितान कुलिबालींना ओळखता?" आणि कुलिबाली हा शब्द कानावर पडला की माझ्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही, तुला माहीत नाही का? शिंक आल्यासारखं आहे ते. मी बोललो, हसलो, मला वाटलं तीही हसते आहे. ती लिहीत होती. फोन ठेवला आणि मी तो विसरलो. तुला लिहिताना वर तोरा मिरवला, जे सांगायला हवं तेच सांगितलं म्हणून!

आणि झुमाना. ते मी तुझ्या डोक्यात भरवलं. तपासनीसाबरोबर तो चहा पीत होता, खरं आहे, पण त्या चहाला मीही बसायला गेलो होतो. मला पाहून ते गप्प झाले ते मी फुकटचा चहा पितो आणि पैसे द्यायची वेळ आली की उठतो म्हणून. आता आठवतं. राग आला की माणसाला जे हवं तेच आठवतं. मी त्याला निरोप पाठवू का? की तू जाशील?

फोनची वाट बघतोय. मशीनजवळ ठेवलाय, मास्क शिवताना मध्येच उचलून बघतो. या वेळी एकही शब्द इकडचा तिकडे होणार नाही.

नामोरी


सेगू, ३ मे २०२१

नामोरीभाऊ,

आपलं पत्र मिळालं. फोन आला म्हणजे एवढंच सांगावं: सितान कुलिबाली या कारखान्याच्या मालकीण आहेत, बरीच वर्षं तो त्याच चालवतात, माझा त्यात कसलाही वाटा नाही. त्यापुढे एक शब्द नको.

आता एक विचारायचं आहे, आणि ते विचारल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. माझ्या नवऱ्याने हे अंगण भाड्याने घेतलं त्याआधी तुम्ही ते हाजीकडे मागितलं होतं. हाजीनेच परवा सांगितलं, मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत. रोज सकाळी मात्र म्हणायचात, "हा कारखाना माझा, तुला राहायला दिलाय." मी हसायचे. आता मी रोज ते वाक्य तपासून बघते. माणूस थट्टेत मनातलं बोलतो का? त्या पोरीला सांगताना तुमच्या मनात काय होतं? शिंक आली असं म्हणता. पण शिंकही आधी नाकात असावी लागते.

मला माहीत आहे, केइताला हे विचारायचं नसतं. विचारलं की नातं संपलं. पण मार्चमध्ये मी नको त्या माणसावर संशय घेतला, आणि हव्या त्या माणसावर घेतला नाही. आता कोणालाच सोडायची हिंमत होत नाही.

बकरीद आता फार लांब नाही. हाजीचा सिमेंटवाला काल येऊन भिंतींची लांबी पावलांनी मोजून गेला.

सितान कुलिबाली


सिकासो, २५ मे २०२१

सितान,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. हो, मागितलं होतं. जागा रिकामी होती, मी नवा शिंपी होतो, हाजीने भाडं सांगितलं, मला झेपलं नाही. तुझ्या नवऱ्याला झेपलं. एवढीच गोष्ट. मला हेवा वाटला का? वाटला. महिनाभर. मग तुझ्या टोपांचा वास यायला लागला आणि वाटलं, बरं झालं, या वासात मला कापड कापता आलं नसतं. माझ्या मनात खोट असती तर मी ते गंभीर तोंड करून सांगितलं असतं, चवळी कशाला घातली असती त्यात? तुला हे विचारावंसं वाटलं, याचा मला राग आला आहे. केइताला कुलिबालीचा राग येत नसतो. मला आला आहे, आणि मी तो लिहून ठेवतोय.

आता फोनचं. काल दुपारी आला. तेनिन, मुलगी, जावई, सगळे भोवती बसले, तेनिनने माझं मनगट धरून ठेवलं होतं. बामाकोचा पोरगा, आवाज कोवळा. नाव विचारलं. म्हटलं, नामोरी केइता. तो थांबला. मग म्हणतो, "केइता? आणि साक्ष द्यायला बसलास? तुमच्या घरात कधी कोणी खरं बोललंय का?" मी विचारलं, साहेब, आपण कोण? म्हणाला, "कुलिबाली."

सितान, एरवी असता तर त्याला मी सात पिढ्यांची चवळी सोलून दाखवली असती. जिभेवर आलं होतं. तेनिनने नख रुतवलं. मी गिळलं आणि तू दिलेलं वाक्य घोकल्यासारखं म्हटलं, मालकीण आहेत, त्याच चालवतात, माझा वाटा नाही. तो सगळं ऐकून म्हणतो, "गुलामाची साक्ष आम्ही घेत नाही," आणि फोन बंद.

तो हसला का? तेनिन म्हणते हसला. जावई म्हणतो, ती फोनची खरखर होती. मी परत लावला तर तो नंबर लागतच नाही. रात्रभर ते वाक्य मी वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघितलं. एका आवाजात थट्टा वाटते, दुसऱ्यात हुकूम वाटतो. आयुष्यभर मी हेच बोलत आलो, सितान, आणि समोरच्याचं तोंड दिसत नसलं तर ते कसं लागतं ते मला ठाऊक नव्हतं. आता तू मला ते का विचारलंस तेही मला कळलं. राग गेलेला नाही, पण कळलं.

काही कळलं तर लगेच लिही. अंगण गेलं तर मी सेगूला तोंड दाखवणार नाही.

नामोरी


सेगू, २२ जून २०२१

केइता, माझ्या गुलामा,

हसला होता तो. पैसे आले. फोनवर संदेश वाजला तेव्हा मी नदीवर होते, ओल्या हातानेच वाचला, मग पुन्हा वाचून घेतला, कारण आता कोणत्याही संदेशावर विश्वास बसत नाही. हाजीला भाडं दिलं, सिमेंटवाला परत गेला. चारही टोप चढले आहेत. बकरीदेसाठी निळं आणि हिरवं एवढं मागितलंय की दोन नवी पोरं ठोकायला ठेवली. मारतात जोरात, ताल नाही, पण कापडाला चकाकी येते.

तुला राग आला ते बरं झालं. मलाही आला होता, फिटंफाट झाली. तुझ्या साक्षीने अंगण गेलं आणि तुझ्याच साक्षीने आलं, म्हणजे तू पूर्वी होतास तेवढाच निरुपयोगी राहिलास. तेनिनला तिच्या नखांसाठी एक निळी लुंगी पाठवते आहे. तुला काही नाही.

आता दुसरं. पैसे आले त्याच आठवड्यात मी बारुएलीला गेले. माफीसाठी कोलाचे दाणे घेतले, थोरल्या नणंदेला बरोबर घेतलं, रीतीप्रमाणे. झुमाना शेतातून आला. मला पाहून थांबला नाही, चिडला नाही. हात धुतले, अंगणात चटई टाकली, स्वतः पाणी आणून दिलं. मग विचारलं, वाटेत त्रास झाला नाही ना, मुलं बरी आहेत ना, हाजीचं काय झालं, गुडघा दुखायचा तो कसा आहे. एकेक गोष्ट विचारली. "वहिनी, तुम्ही" म्हणाला. तुम्ही, केइता. मी लग्न होऊन आले तेव्हा तो नाक पुसायचा, तेव्हापासून मला अरे-तुरे करत आलाय तो.

मी माफी मागितली. नणंदेसमोर, त्याच्या मामासमोर, जे शब्द बोलले होते ते परत उच्चारून प्रत्येकाची माफी मागितली. त्याने कोलाचा दाणा घेतला, फोडला, अर्धा मला दिला. म्हणाला, "माझ्या मनात काही नाही, वहिनी. तुमच्याही मनात काही ठेवू नका." मी म्हटलं, परत ये, ती पोरं ठोकतात ते ऐकवत नाही. म्हणाला, इथे मामाचं वय झालंय, शेत बघायला कोणी नाही. खरंही असेल. मामाच्या बायकोने येताना कोंबडी बांधून दिली.

निघताना मीच चिडवून बघितलं. म्हटलं, काय रे, एवढ्यात केस पिकवलेस, आता तुझ्याशी कोण लग्न लावणार? नणंद हसली. तोही हसला, जरासा, एखाद्या पाहुणीच्या विनोदाला हसावं तसा. "देव तुम्हाला सुखरूप पोचवो," म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून बसपर्यंत आला. बस सुटायला वेळ होता. मी खिडकीबाहेर डोकं काढून बसले होते, एखादी शिवी तरी घालेल म्हणून. तो उन्हात उभा राहिला, बस हलेपर्यंत, छातीवर हात ठेवून, मान खाली घालून, जशी मोठ्या माणसाला निरोप देताना घालतात तशी.

सितान